वाटसरूंची दफनभूमी

१७ जुलै १७८७ रोजी ऱ्हाईनकाठच्या बॉन शहरात मारिया माग्डालेना बीथोव्हन क्षयाने वारली. वय चाळीस. नवरा दरबारी गवई, पण दारूच्या पुरता आहारी गेलेला. मागे तीन मुलगे आणि एक तान्ही मुलगी. थोरला लुडविग सोळा वर्षांचा होता. त्या वसंतात तो संगीतासाठी व्हिएन्नाला गेला होता. आईची तब्येत ढासळल्याची पत्रं आली तसा अर्ध्यातून परतला. सप्टेंबरात त्याने औग्सबुर्गच्या एका ओळखीच्या गृहस्थाला पत्र लिहिलं. परतीच्या वाटेवर उसने घेतलेले पैसे अजून फेडता येत नाहीत, त्याबद्दल माफी मागायचं ते पत्र. पण ओघात आईचा विषय निघाला आणि मुलगा मनातलं लिहून गेला: ती फार प्रेमळ होती, माझी सगळ्यांत जवळची मैत्रीण होती, अशा अर्थाचं काहीतरी. उधारीच्या पत्रातले ते शब्द आज तिच्या कबरीवरच्या दगडावर आहेत. दगड पुष्कळ नंतरचा. मधल्या काळात कबर कुठे आहे याचाच लोकांना विसर पडला होता.

ही कबर ज्या आवारात आहे, त्याला बॉनचे लोक 'आल्टर फ्रीडहोफ', म्हणजे जुनी दफनभूमी म्हणतात. आज ती भर शहरात, रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १७१५ साली ती नेमली गेली तेव्हा मात्र तटाबाहेरची ओसाड जागा होती. कोलोनचा इलेक्टर योझेफ क्लेमेन्स त्याच वर्षी परतला होता. इलेक्टर म्हणजे सम्राट निवडायचा हक्क असलेला सत्ताधीश. कोलोनचा इलेक्टर तर आर्चबिशपही असे आणि राजाही, आणि त्याची राजधानी बॉन. स्पेनच्या गादीवरून पेटलेल्या युद्धात योझेफ क्लेमेन्स फ्रेंचांच्या बाजूने गेला, राज्य गमावून परदेशात राहिला आणि तह झाल्यावर वेढ्यांनी खिळखिळ्या झालेल्या आपल्या शहरात आला. तोवर बॉनमध्ये माणसं पुरली जात ती गावातल्या चर्चच्या आवारात. मानकऱ्यांना आणि पैसेवाल्यांना तर थेट चर्चच्या फरशीखाली जागा मिळे. नवी जागा या लोकांसाठी नव्हतीच. ती होती सामान्य रहिवाशांसाठी, शिपायांसाठी आणि वाटसरूंसाठी. ज्यांच्यावर गावातल्या कुठल्याच घराण्याचा हक्क नव्हता, त्यांना तटाबाहेर नेऊन ठेवायची ती सोय होती.

या दफनभूमीची कहाणी मला ओढून घेते ती याच कारणाने. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत इथे जी नामांकित माणसं आली, तीही बहुतेक परगावचीच होती. बॉनमध्ये जन्मून इथेच विसावलेली नावं त्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. नीबेलुंगांचं मध्ययुगीन महाकाव्य आजच्या जर्मनमध्ये आणणारा कार्ल झिमरॉक त्यांतला एक. बाकीचे कोणी नोकरीसाठी आले, कोणी उपचारांसाठी, कोणी मैत्रिणीच्या घरी. बीथोव्हनची आईसुद्धा मूळची इथली नव्हे. ती कोब्लेन्झसमोरच्या एहरनब्राइटश्टाइनची, एका दरबारी मुख्य आचाऱ्याची मुलगी.

ती वारली तेच वर्ष या जागेच्या इतिहासातही महत्त्वाचं आहे. सम्राज्ञी मारिया थेरेझाचा धाकटा मुलगा माक्स फ्रान्झ तेव्हा इलेक्टर होता. त्याने १७८७ मध्ये गावातल्या चर्चच्या आवारांत दफन करायला बंदी घातली. युरोपभर त्या काळी हाच विचार चालू होता: दाट वस्तीच्या मधोमध शतकानुशतकं प्रेतं पुरून माती भरून गेली आहे, हवा आणि विहिरी नासतात, रोगराई पसरते. वाटसरूंच्या जागेला अशा रीतीने सगळ्या गावाची दफनभूमी व्हावं लागलं. फ्रेंचांनी पुढे ऱ्हाईनचा डावा काठ जिंकला आणि नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्याने हीच बंदी सगळीकडे सक्तीची केली. शेजारच्या कोलोनने त्यानुसार १८१० मध्ये मेलाटेनची दफनभूमी उघडली. त्या जागेलाही तसाच इतिहास होता. तिथे पूर्वी कुष्ठरोग्यांचं आश्रयस्थान होतं आणि जवळच वधस्थान. १६२७ साली कॅथरिना हेनोट या मोठ्या घरच्या बाईला चेटकीण ठरवून जाळलं ते तिथेच. १८२९ पर्यंत मेलाटेनमध्ये प्रॉटेस्टंटांना जागा नव्हती. नंतर शहरातले श्रीमंत तिथल्या मुख्य रस्त्याच्या दुतर्फा संगमरवरी थडगी बांधू लागले. आपल्या मोटारी ज्या चार टप्प्यांच्या चक्रावर चालतात त्याचं इंजिन बनवणारा निकोलाउस ओट्टो तिथेच आहे. पण मेलाटेन हे धनिक व्यापारी शहराचं कबरस्तान. बॉनचं वळण वेगळं, कारण बॉनला विद्यापीठ मिळालं.

१७९४ मध्ये फ्रेंच फौजा आल्या तसा इलेक्टरचा दरबार पळाला. गवई, आचारी, शिंपी, घोडेवाले या सगळ्यांचं पोट ज्या दरबारावर चाले तोच नाहीसा झाला. जुनं विद्यापीठही फ्रेंचांनी बंद केलं. १८१५ मध्ये ऱ्हाईनचा मुलूख प्रशियाला मिळाला आणि १८१८ मध्ये प्रशियाने इलेक्टरच्या रिकाम्या राजवाड्यात नवं विद्यापीठ काढलं. दूरदूरचे विद्वान बॉनला येऊ लागले, इथेच म्हातारे झाले आणि तटाबाहेरच्या त्या आवारात एकेक करून जाऊन पडले.

पहिल्या खेपेलाच आलेला आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल आपल्याला सगळ्यांत जवळचा वाटावा असा. हानोव्हरचा हा कवी-समीक्षक बॉनला आला तेव्हा पन्नाशीत होता आणि युरोपभर प्रसिद्ध होता, तो शेक्सपिअरच्या जर्मन भाषांतरांमुळे. मादाम द स्ताल या फ्रेंच लेखिकेच्या परिवारात त्याने वर्षानुवर्षं काढली होती. वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्याने पॅरिसमध्ये संस्कृतचा अभ्यास सुरू केला. ज्या वयात लोक कीर्तीच्या व्याजावर जगतात, त्या वयात हा माणूस धातुरूपं पाठ करत होता. त्याच्या घरी भारताचं नाव एका दुःखामुळे आधीपासूनच होतं. थोरला भाऊ कार्ल आउगुस्ट ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतल्या हानोव्हरच्या पलटणीतून मद्रासला गेला आणि १७८९ मध्ये तिथेच वारला.

बॉनमध्ये श्लेगेलने देवनागरीचे खिळे पाडून घेण्याचा ध्यास घेतला. पॅरिसमधल्या हस्तलिखितांची वळणं समोर ठेवून तिथल्याच कारागिराकडून साचे कोरून घेतले. खर्च प्रशियाच्या सरकारने सोसला. १८२३ मध्ये या टाइपांत बॉनला भगवद्गीता छापून निघाली: मूळ संस्कृत देवनागरीत आणि सोबत लॅटिन भाषांतर. आपल्याकडे मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून गीता छापली गेली ती १८०५ मध्ये, म्हणजे बॉनच्या अठरा वर्षं आधी. हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून पाहावेत असं मला फार वाटतं. मिरजेच्या प्रतीमागे पोथीची परंपरा आहे, बॉनच्या प्रतीमागे ग्रीक-लॅटिन ग्रंथ तपासून छापण्याची युरोपीय शिस्त. आणि दोन्हीकडे अक्षर देखणं आलं पाहिजे हा हट्ट सारखाच आहे. श्लेगेलची गीता वाचून भाषाचिंतक विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट भारावला आणि बर्लिनच्या अकादमीत त्याने तिच्यावर व्याख्यानं दिली. तत्त्वज्ञ हेगेलने त्या व्याख्यानांवर दीर्घ टीका लिहिली. पुढे श्लेगेलने रामायणाची संपादित आवृत्ती हाती घेतली, ती अपुरीच राहिली. तरुणपणी त्याच्या वर्गात बसलेल्या कवी हाइन्रिख हाइनने नंतर त्याच्या नटवेपणाची निर्दय टिंगल केली आणि पुष्कळांच्या मनात तेच चित्र राहिलं. मला तो न्याय वाटत नाही. १२ मे १८४५ रोजी श्लेगेल गेला तेव्हा जर्मनीतल्या संस्कृतच्या अभ्यासाला पाया मिळालेला होता आणि तो बहुतांशी त्याच्या हातचा होता.

इतिहासकार बार्टोल्ट गेओर्ग नीबूर याचं मुंबईशी नातं वडिलांकडून. त्याचे वडील कार्स्टन नीबूर डेन्मार्कच्या राजाने १७६१ मध्ये अरबस्तानाकडे पाठवलेल्या मोहिमेत होते. सहा जण निघाले. दोघे येमेनमध्ये वारले, दोघे मुंबईकडे येणाऱ्या जहाजावर. मोहिमेचा डॉक्टर क्रामर १७६४ मध्ये मुंबईत वारला. एकटे उरलेले कार्स्टन वर्षाहून अधिक काळ मुंबईत राहिले. घारापुरीच्या लेण्यांत जाऊन त्यांनी मापं घेतली, मूर्तींची रेखाटनं केली, आणि ती त्यांच्या प्रवासग्रंथातून युरोपात पोचली. मग इराण, इराक, तुर्कस्तान या मार्गाने ते १७६७ मध्ये एकटेच घरी पोचले. बार्टोल्ट या माणसाच्या तोंडून पूर्वेकडच्या गोष्टी ऐकत वाढला.

मुलाने अभ्यासाला घेतलं रोम. प्राचीन रोमच्या आरंभीच्या कथांमध्ये दंतकथा किती आणि खरा इतिहास किती, हे पुराव्यावर घासून पाहायची रीत त्याने घालून दिली. पुढची सगळी शास्त्रशुद्ध इतिहासलेखनाची परंपरा त्याचं ऋण मानते. प्रशियाचा राजदूत म्हणून त्याने रोममध्ये काही वर्षं काढली आणि १८२३ मध्ये तो बॉनला आला. ६ फेब्रुवारी १८३० च्या रात्री त्याच्या घराला आग लागली. रोमच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडाचं नव्याने लिहिलेलं हस्तलिखित तीत जळालं. तो पुन्हा लिहायला बसला. त्याच वर्षी जुलैत पॅरिसमध्ये क्रांती झाली आणि युरोप पुन्हा रक्तात बुडणार या भीतीने तो खचला. त्या हिवाळ्यात तो वृत्तपत्रं वाचायला वाचनालयात जाई. एका संध्याकाळी तिथल्या ऊबेतून बाहेरच्या कडाक्यात आला, सर्दी छातीत उतरली आणि २ जानेवारी १८३१ रोजी तो गेला. बायको मार्गारेटे नऊ दिवसांनी त्याच्यामागे गेली. दोघांचं थडगं जुन्या रोमन थडग्यांच्या धाटणीचं आहे. ते उभारलं प्रशियाच्या युवराजाने.

रोममध्ये नीबूरचा सचिव होता क्रिस्तियान कार्ल योझियास बुन्सेन, आणि नंतर त्याच्याच जागी बसला तोही हाच. पुढे बुन्सेन लंडनला राजदूत झाला. माक्स म्युलर नावाचा तरुण तेव्हा ऋग्वेदाची हस्तलिखितं उतरवून घेत लंडनमध्ये दिवस काढत होता. सायणभाष्यासह ऋग्वेद छापण्याइतका पैसा त्याला कोण देणार? बुन्सेनने ईस्ट इंडिया कंपनीकडे शब्द टाकला आणि १८४७ मध्ये कंपनीने खर्च मान्य केला. पुण्या-मुंबईत ज्याच्या नावाची भवनं आहेत, त्या माक्स म्युलरचा मार्ग मोकळा करणारा हा गृहस्थ १८६० मध्ये बॉनला वारला आणि आपल्या जुन्या वरिष्ठाच्या दफनभूमीत आला.

ज्या युवराजाने नीबूरचं थडगं उभारलं, त्याचा माग या आवारात जागोजागी लागतो. १८४० मध्ये तो चौथा फ्रीडरिश विल्हेल्म म्हणून गादीवर आला. राजा म्हणून तो दुबळा आणि घोळ घालणारा होता, पण माणसं आणि दगड जपायची त्याला आवड होती. खगोलशास्त्रज्ञ आर्गेलांडर हा त्याचा लहानपणचा मित्र. नेपोलियनने प्रशियाचा पराभव केला तेव्हा राजघराणं बाल्टिक समुद्राकाठच्या मेमेल गावी पळालं, आणि राजपुत्रांची सोय आर्गेलांडरच्या वडिलांच्या घरी झाली. त्या बालमैत्रीची पुण्याई अशी की मोठेपणी आर्गेलांडरला बॉनमध्ये नवी वेधशाळा मिळाली. अवघ्या तीन इंच भिंगाच्या दुर्बिणीतून त्याने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १८५२ ते १८५९ पर्यंत रात्रीमागून रात्र आकाश मोजून काढलं. एक जण दुर्बिणीला डोळा लावून ताऱ्याची जागा आणि तेज पुकारायचा, दुसरा खाली बसून घड्याळाच्या ठोक्याबरोबर नोंद करायचा. सुमारे ३,२४,००० ताऱ्यांची यादी अशी हाताने तयार झाली. त्या यादीतले क्रमांक खगोलशास्त्रज्ञ आजही वापरतात.

झुल्पित्स आणि मेल्शिओर बोआसेरे हे कोलोनचे दोघे भाऊ इथेच आहेत. फ्रेंच अमलात चर्च आणि मठ रिकामे होत होते, मध्ययुगीन चित्रं कवडीमोलाने विकली जात होती, तेव्हा ती गोळा करून वाचवली ती या भावांनी. कोलोनच्या कॅथेड्रलचं काम सोळाव्या शतकात थांबलं होतं; अर्धवट बुरुजावर तेव्हाची लाकडी यारी तशीच उभी होती. झुल्पित्स आयुष्यभर त्या कामामागे लागला आणि अखेर याच राजाच्या हस्ते ४ सप्टेंबर १८४२ रोजी ते पुन्हा सुरू झालं. १८८० मध्ये मनोरे पुरे झाले ते पाहायला तो नव्हता. १८५४ मध्ये तो बॉनला वारला.

दफनभूमीतलं चॅपलही वाटसरूच म्हणावं लागेल. ते तेराव्या शतकातलं, नदीपलीकडच्या रामर्सडोर्फ गावचं, ट्यूटॉनिक सरदारांच्या मठातलं. ते पाडलं जायच्या बेतात होतं. कोब्लेन्झचा वास्तुरचनाकार लासोने १८४६ नंतर त्याचा चिरा अन् चिरा उतरवला आणि इथे आणून पुन्हा बांधला. आत शिरलं की बारीक, उंच खांब डोळ्यांत भरतात. एवढ्या नाजूक खांबांवर छताचा भार कसा पेलला असेल, आणि तो दोनदा कसा पेलला असेल, हा विचार मनातून जात नाही.

कवी शिलरची बायको शार्लोटे डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी बॉनला आली होती. शस्त्रक्रियेनंतर ९ जुलै १८२६ रोजी ती इथेच वारली. शिलरला जाऊन एकवीस वर्षं झाली होती. त्याला वायमारमध्ये पुष्कळांच्या सामाईक तळघरात ठेवलं होतं, आणि नेमकं १८२६ मध्ये तिथल्या महापौराने तळघरातून तेवीस कवट्या बाहेर काढून त्यांतली सर्वांत मोठी शिलरची ठरवली. पुढे ती राजघराण्याच्या तळघरात, कवी गटेच्या शेजारी मानाने ठेवली गेली. २००८ मध्ये नातलगांच्या अवशेषांशी डीएनए ताडून पाहिलं तेव्हा कवटी शिलरची नाही हे सिद्ध झालं. वायमारची शवपेटी आता रिकामी आहे. जिला परगावी मरण आलं त्या शार्लोटेची कबर मात्र ठाऊक आहे, आणि तिचा मुलगा एर्न्स्ट १८४१ पासून तिच्याजवळ आहे.

आडेले शोपेनहाउअरची आठवण लोक तत्त्वज्ञ आर्थरची बहीण म्हणून काढतात. ती स्वतः लेखिका होती, कागदी कात्रणकलेत निष्णात होती आणि वायमारमध्ये गटेच्या मायेच्या माणसांपैकी होती. भावाने तिला आयुष्यभर दूर ठेवलं. तिची सोबत केली सिबिले मेर्टेन्स-शाफहाउझेन या मैत्रिणीने. ही कोलोनच्या सावकारी घराण्यातली, प्राचीन नाणी आणि शिल्पांची जाणकार, सहा मुलांची आई. कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या आडेलेची शुश्रूषा शेवटपर्यंत सिबिलेने केली. गटेच्या जन्मशताब्दीला तीन दिवस उरले असताना, २५ ऑगस्ट १८४९ रोजी आडेले गेली. तिच्या थडग्यावर सिबिलेने इटालियन भाषेत लेख कोरवून घेतला. दोघींनी एकत्र घालवलेले चांगले दिवस इटलीतले होते. सिबिले पुढे रोमला गेली आणि तिकडेच वारली.

एर्न्स्ट मोरित्स आर्न्टविषयी लिहिताना मन दुभंगतं. बाल्टिकमधल्या र्‍यूगेन बेटावरचा हा माणूस, बाप भूदास म्हणून जन्मलेला. १८०३ मध्ये त्याने भूदासपद्धतीचा इतिहास लिहिला, आणि तीन वर्षांत त्या मुलुखातली ती पद्धत रद्द झाली. बॉनला प्राध्यापक झाल्यावर स्वातंत्र्यवादी लेखनामुळे सरकारने त्याला वीस वर्षं शिकवू दिलं नाही. चौथ्या फ्रीडरिश विल्हेल्मने गादीवर येताच त्याची जागा परत दिली. १८३४ मध्ये त्याचा नऊ वर्षांचा मुलगा विलिबाल्ट ऱ्हाईनमध्ये बुडाला. १८६० मध्ये नव्वदीच्या आर्न्टला त्याच मुलाशेजारी ठेवण्यात आलं. इथवर कोणाचाही ऊर भरून येईल. पण याच आर्न्टने फ्रेंचांचा द्वेष हा राष्ट्रधर्म म्हणून शिकवला आणि ज्यूंविरुद्ध विखारी लिहिलं. त्याचं नाव लावणाऱ्या ग्राइफ्सवाल्ट विद्यापीठाने २०१८ मध्ये ते नाव सोडलं, ते योग्यच झालं असं मला वाटतं.

या आवारात सर्वांत जास्त लोक येतात ते शूमानच्या थडग्याकडे. संगीतकार रॉबर्ट शूमान सॅक्सनीचा, नोकरी ड्युसेलडोर्फची. २७ फेब्रुवारी १८५४ रोजी कार्निव्हलच्या धामधुमीत तो घरातून निसटला आणि पुलावरून त्याने ऱ्हाईनमध्ये उडी घेतली. लोकांनी वाचवलं. आठवड्याभरात त्याला बॉनजवळच्या एंडेनिश गावी डॉक्टर रिशार्त्स यांच्या मनोरुग्णालयात हलवलं. तिथे तो सव्वादोन वर्षांहून अधिक काळ होता. डॉक्टरांच्या सल्ल्यामुळे बायको क्लाराला या सगळ्या काळात त्याला भेटू दिलं गेलं नाही. धाकट्या फेलिक्सचा जन्मही वडील आत असताना झाला. क्लारा पियानोच्या मैफली करत फिरत होती. सात मुलांचा आणि रुग्णालयाचा खर्च तिच्या बोटांवर होता. २७ जुलै १८५६ रोजी अखेर तिला आत नेलं. त्याने तिला ओळखलं. अन्न जात नव्हतं, तेव्हा तिने आपल्या बोटांवरून त्याला वाइन चाटवली. दोन दिवसांनी, २९ तारखेला दुपारी, तरुण संगीतकार ब्राम्सबरोबर ती स्टेशनवर त्याच्यासारख्याच तरुण योआखिमला घ्यायला गेली असताना शूमान गेला. परत आली तेव्हा सगळं संपलं होतं.

३१ जुलैच्या संध्याकाळी अंत्ययात्रा निघाली. ड्युसेलडोर्फच्या गायकमंडळाने शवपेटी खांद्यावर घेतली होती. पुढे ब्राम्स, योआखिम आणि डीट्रिश हे तिघे तरुण संगीतकार. कोलोनहून फर्डिनांड हिलर आला होता. क्लाराने मुद्दामच फार कोणाला कळवलं नव्हतं, अनोळखी लोकांची गर्दी तिला नको होती. तरी बॉनच्या गल्ल्यांत माणसं उभी राहिली.

सतरा वर्षं कबर साधीच होती. १८७३ च्या ऑगस्टमध्ये स्मारकाच्या निधीसाठी बॉनमध्ये शूमान महोत्सव झाला. क्लाराने स्वतः नवऱ्याची पियानो कॉन्चेर्टो वाजवली. त्या पैशांतून आडोल्फ डोन्डोर्फने संगमरवरी स्मारक घडवलं आणि २ मे १८८० रोजी ते उघडलं गेलं. वर शूमानचा चेहरा. खाली, त्याच्या पायाशी, हाती पुष्पचक्र घेऊन वर पाहणारी कलादेवता. तिला चेहरा क्लाराचा दिला आहे. साठीची क्लारा समारंभाला हजर होती. शिल्प सुंदर आहे, पण ते पाहताना मला बरं वाटत नाही. पायाशी बसून वर पाहायला या बाईला आयुष्यात फुरसत होती कुठे? नऊ वर्षांची असल्यापासून साठ वर्षं ती रंगमंचावर वाजवत राहिली, जवळपास १,३०० कार्यक्रमांच्या पत्रिका तिने जपून ठेवल्या. नवऱ्याचं संगीत युरोपाच्या कानावर घातलं ते तिने, त्याच्या समग्र रचनांचं संपादन केलं ते तिने. मुलगी यूली आणि मुलगा फेलिक्स त्या समारंभाआधीच वारले होते, दुसरा मुलगा लुडविग वेड्यांच्या रुग्णालयात होता.

२० मे १८९६ रोजी क्लारा फ्रँकफुर्टला वारली. ब्राम्स ऑस्ट्रियातल्या इशलला होता. तार मिळताच निघाला, गाड्या चुकल्या, फ्रँकफुर्टला पोचला तर पार्थिव बॉनकडे रवाना झालेलं. तो पुन्हा गाडीत बसला आणि २४ तारखेला दफनाच्या वेळेला जेमतेम गाठला. चाळीस वर्षांपूर्वी याच खड्ड्याच्या काठाशी तो तेवीस वर्षांचा उभा होता. मृत्यूवरची चार गंभीर गीतं त्याने त्याच महिन्याच्या सुरुवातीला, क्लाराच्या आजारपणात पुरी केली होती. पुढच्या एप्रिलमध्ये तोही गेला.

खरं तर दफनभूमी १८८४ मध्येच बंद झाली होती. क्लारासारख्यांना कुटुंबाच्या कबरीमुळे जागा मिळाली. वाग्नरने जिच्या कवितांना चाली दिल्या ती माथिल्डे वेसेनडोंकही १९०२ मध्ये इथे आली ती तशीच. बाकीच्या बॉनकरांना नव्या जागा शोधाव्या लागल्या. त्यांतली एक पॉपेल्सडोर्फची, टेकडीच्या उतारावरची.

तिथे गणितज्ञ फेलिक्स हाउसडोर्फ आहे. ब्रेसलाउत जन्मलेला, लाइप्झिगमध्ये वाढलेला, १९२१ पासून बॉनचा प्राध्यापक. संचसिद्धान्तावरचा त्याचा १९१४ चा ग्रंथ आधुनिक गणिताच्या पायाच्या दगडांपैकी आहे. 'हाउसडोर्फ अवकाश' हे नाव गणिताच्या प्रत्येक विद्यार्थ्याला भेटतं. पाउल मोंग्रे या टोपणनावाने तो कविता आणि तत्त्वचिंतन लिही, त्याचं एक नाटकही रंगभूमीवर गाजलं होतं. तो ज्यू होता. १९३५ मध्ये निवृत्त झाल्यावर त्याचं संशोधन जर्मनीत छापलं जाईना. १९३९ मध्ये देश सोडायची खटपट केली, ती फसली. तरी घरी बसून तो लिहीत राहिला.

१९४१ मध्ये नाझींनी एंडेनिशमधला एक मठ जोगिणींकडून काढून घेतला आणि बॉन परिसरातल्या ज्यूंना तिथे कोंडलं. तिथून पुढे त्यांना पूर्वेकडे पाठवलं गेलं आणि बहुतेक सगळे मारले गेले. जानेवारी १९४२ मध्ये हाउसडोर्फ कुटुंबाला एंडेनिशला हजर होण्याचा हुकूम आला. २५ तारखेला त्याने एका ज्यू वकील मित्राला पत्र लिहिलं, मागच्या व्यवस्थेच्या सूचना दिल्या, त्रासाबद्दल क्षमा मागितली आणि मित्रांना चांगले दिवस दिसोत अशी इच्छा व्यक्त केली. त्या रात्री तो, बायको शार्लोटे आणि तिची बहीण एडिट या तिघांनी जीवनयात्रा संपवली.

जाण्याआधी त्याने आपले सगळे कागद बॉनमधल्याच हान्स बोनेट या इजिप्तविद्येच्या प्राध्यापकाकडे सोपवले होते. ज्यू सहकाऱ्याचे कागद घरात ठेवणं तेव्हा धोक्याचं होतं. बोनेटने ते ठेवले. १९४४ च्या डिसेंबरात बोनेटचं घर बॉम्बने फोडलं आणि हस्तलिखितं ढिगाऱ्यात विस्कटली. ती वेचून काढली गेली. सुमारे २६,००० पानांचा तो संग्रह आज बॉन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, आणि त्यावरून त्याच्या समग्र लेखनाचे खंड एकविसाव्या शतकात छापून निघाले.